मोडीत जाण्याआधी

गंगापूर रस्त्यालगतच्या एका मोकळ्या मैदानावर थंडीच्या दिवसांत शनिवारी आणि रविवारी जो बाजार भरतो, त्याच्या एका अंगाला चुली, शेगड्या आणि खाण्याचे ठेले असतात, तर दुसऱ्या अंगाला ताडपत्र्या आणि चादरी अंथरून मांडलेल्या जुन्या वस्तू. मधल्या वाटेवर उभे राहिले की डावीकडून काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा वास येतो आणि उजवीकडून चिंचेने नुकत्याच घासलेल्या पितळेचा. नाशिककरांना आठवडे बाजार नवा नाही. गोदाकाठचा बुधवारचा बाजार आम्ही सगळेच लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिथे भाजीपाला, धान्य, मसाले, विळ्या-कोयते अशी गरजेची खरेदी होते. रविवारच्या या बाजारात मात्र गरज म्हणून फारसे कोणी येत नाही. लोक सकाळचे खायला येतात आणि खाऊन झाल्यावर हात पुसत पुसत कोणाच्या तरी आजीच्या घरातून आलेली भांडी उचलून पाहतात.

गेल्या रविवारी मी आत्याला सोबत नेले. तिचे वय आता ७८ आहे. तिचे बालपण जुन्या नाशकात, भांडी बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या एका वाड्यात गेले आणि पितळेचे भांडे हातात घेऊन त्याचा कस सांगू शकेल असे आमच्या घरात आता तेवढे एकच माणूस उरले आहे. मला रोजच्या वापरासाठी एक पितळेचे पातेले घ्यायचे होते. शोभेसाठी नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते आहे. जुने भांडे विकत घ्यावे ते पुन्हा चुलीवर चढवण्यासाठी, असे माझे ठाम मत आहे आणि त्या मतापायीच मी हे सगळे लिहायला बसले आहे.

साडेसातला पोहोचलो तेव्हा मैदानावर अजून धुके होते आणि विक्रेते पोत्यांतून वस्तू काढून मांडत होते. हा बाजार मांडला जात असतानाच पाहावा. पोत्याच्या तोंडातून आधी हंडे आणि कळश्या बाहेर येतात, मग त्यांच्या पोटात ठेवलेले तांबे, गडू आणि पंचपात्री, आणि सर्वांत शेवटी कागदात गुंडाळलेले नाजूक जिन्नस: अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या डब्या. एका चादरीवर पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब उभा होता, मधली नळी आणि खालची जाळी दोन्ही शाबूत असलेला. त्याच्या शेजारी दोन कड्यांचे घंगाळ, हवा भरायचा पितळी स्टोव्ह, कंदील, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि लाखेच्या जुन्या तबकड्या, ज्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. पलीकडच्या ताडपत्रीवर लाकूडकाम होते: कोरलेले खांब, दारांच्या चौकटी, कड्या-कोयंडे आणि एक अख्खा झोपाळा, पितळी कड्यांसकट.

या वस्तू येतात कोठून, हे विचारण्याची आत्याला गरज नव्हती. जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना दर पावसाळ्याआधी नोटिसा लागतात, एखादी भिंत खचते, भावाभावांचे वाटप रखडलेले असते आणि शेवटी वाडा उतरवला जातो. उतरवणारा माणूस लाकूड आणि लोखंड घेतो. माळ्यावर निघालेली भांडी घरातली माणसे मोडीत घालतात, कारण नव्या घरात दोन खोल्यांपलीकडे जागा नसते. ज्यांना हे ठाऊक असते ते विक्रेते मोडीच्या दुकानातून ती भांडी वितळायला जाण्याआधी उचलतात, घासतात आणि इथे आणतात. पितळेचा मोडीचा भाव हा या बाजारातल्या प्रत्येक भांड्याचा पाया असतो. त्याखाली कोणी उतरत नाही आणि त्यावर जे काही मागितले जाते ते घडणावळीचे, वयाचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत दिसणाऱ्या ओढीचे असते.

आम्ही ज्या काकांच्या चादरीपाशी थांबलो त्यांच्याकडे चार पातेली होती. आत्या खाली बसली, एकेक पातेले डाव्या तळहातावर पालथे घेतले आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. पहिल्या दोघांचा आवाज बसका आला. तिसरे बराच वेळ घुमत राहिले.

“हे ओतीव नाही, ठोकून केलेलं आहे,” ती म्हणाली.

“बरोबर ओळखलंत मावशी,” काका म्हणाले. “मठारकाम बघा ना, बुडाला एकही ठोका चुकलेला नाही.”

पत्रा ठोकून भांड्याला आकार दिल्यावर शेवटी हातोड्याचे जे सारखे, दाट ठोके देतात त्याला तांबट लोक मठारणे म्हणतात. त्याने भांडे दिसते छान हे खरे, पण मुख्य काम वेगळे आहे: ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, कडक होतो आणि पोचा पडण्याला दाद देत नाही. नाशिकची तांबट आळी याच कामावर उभी राहिली होती. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची दखल आहे, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण रामकुंडावर येणारा यात्रेकरू गोदावरीचे पाणी घरी नेणार ते तांब्याच्या गडूतूनच.

तिसरे पातेले मी उजेडाकडे धरले तेव्हा काठाखाली अक्षरे दिसली. अखंड रेघेची नव्हेत, छिन्नीच्या टोकाने एकाशेजारी एक टिंब मारत गेलेली. आधी ‘चि. सौ. कां.’, मग एका मुलीचे नाव, मग ‘हिस मामाकडून’ आणि पुढे ‘वैशाख शके १८७५’. शके १८७५ म्हणजे इसवी सन १९५३. नाव मी इथे लिहीत नाही. ज्या घरातले ते आहे त्या घराचा तो खासगी ठेवा आहे. पण अक्षरे मी बोटाने दोनदा वाचली. ‘मामाकडून’मधला ‘डू’ लिहिताना जागा अपुरी पडते आहे असे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले असावे, कारण तिथून पुढची टिंबे एकमेकांच्या जवळ येत गेली आहेत आणि ‘न’ काठाच्या वळणावर थोडा वर चढला आहे.

आत्याने सांगितले की त्या काळी भांडे विकत घेतले की दुकानातच नाव घालून मिळे. पायरीवर बसलेला माणूस कागदावरचा मजकूर एकदा वाचून घेई आणि मग मान वर न करता भांडे मांडीवर फिरवत फिरवत टिंबे मारी. नाव घालण्यामागे हौस होती तसा व्यवहारही होता. वाड्यात एका घरी कार्य निघाले की आजूबाजूच्या दहा घरांतली भांडी पंगतीसाठी गोळा होत आणि दुसऱ्या दिवशी ती ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवायची, तर नावाशिवाय ते शक्यच नव्हते. त्या टिंबांच्या भरवशावर भांडी गावभर फिरून सुखरूप घरी येत.

काकांनी सोळाशे सांगितले. वजन सव्वादोन किलो भरले. आत्याने घासाघीस केली नाही आणि याचे मला नवल वाटले, कारण कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती पाच मिनिटे उभी राहते. काकांनी स्वतःहूनच शंभर रुपये कमी केले आणि विचारले, “नाव घासून देऊ का? बफ मारला की पाच मिनिटांत जाईल. बरेच लोक काढूनच मागतात.” आम्ही दोघी एकदमच “नको” म्हणालो.

इथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडेही असेच एक घंगाळ होते, तांब्याचे, इतके मोठे की लहानपणी मी त्यात बसून अंघोळ करत असे. घरात गिझर आला आणि त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आम्ही ते घंगाळ, बंब आणि दोन हंडे मोडीत घातले. आलेल्या पैशांतून स्टीलचे डबे घेतले. तेव्हा घरात कोणालाही त्याचे काही वाटले नाही, मलाही नाही, उलट मोरीत जागा मोकळी झाली म्हणून सगळे खूश होते. आज मागे पाहताना मला त्या निर्णयाचा राग येत नाही, कारण रोज लाकडे आणून बंब पेटवण्याचे कष्ट आईने उपसले होते, मी नव्हे. दुःख होते ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या घंगाळावरही नाव होते आणि ते कोणाचे होते हे आम्ही कधी वाचले नाही.

मराठीत ‘मोड’ या शब्दाची मोठी गंमत आहे. भांडी जातात ती मोडीत, वाड्यांचे जुने कागद असतात ते मोडीत आणि मटकीला येतात तेही मोडच. त्या दिवशी बाजारात हे तिन्ही मोड पन्नास पावलांच्या आत होते. काकांच्या शेजारच्या चादरीवर मोडी लिपीतल्या कागदांचा एक गठ्ठा पडला होता, मुद्रांकाच्या कागदावरचे खरेदीखत असावे असे वरच्या छापावरून वाटत होते. आणि समोरच्या ठेल्यावर मटकीचा ढीग वाफाळत होता.

पातेले घेतले, पण त्यात लगेच काही शिजवता येणार नव्हते. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, पार उडालेली होती, तळाशी पिवळे पितळ उघडे पडले होते. मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणापाशी, एक कल्हईवाले बसतात. त्यांच्यापुढे आधीच सात-आठ भांडी होती, म्हणून त्यांनी तासाभराने या असे सांगितले. आम्ही खाण्याच्या बाजूला वळलो.

मिसळीविषयी मी फार लिहिणार नाही. रविवारी सकाळी नाशिककर मिसळ खातो हे सांगायला लेख लागत नाही. एवढेच नोंदवते की इथली मिसळ चुलीवरची होती, रस्सा काळ्या मसाल्याचा होता, तर्री वेगळ्या भांड्यात होती आणि सोबतीला भाजलेला पापड होता, म्हणजे सगळे रीतीप्रमाणे होते. उलटा वडापावही होता. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून, तो अख्खा बेसनात बुडवून तळतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. तरुण मुलांची तिथे सर्वांत मोठी रांग होती.

आम्ही मात्र बराच वेळ उभ्या राहिलो त्या मांड्यांच्या चुलीपाशी. कसमादेकडच्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातल्या एका बचत गटाच्या चार बायका तिथे खापरावरचे मांडे करत होत्या. मांडा हा पदार्थ खाण्याआधी बघावा. चुलीवर मातीचे मोठे खापर पालथे ठेवलेले असते, आणि त्याची पाठ म्हणजेच तवा. कणीक आधी चांगली भिजवून, पाणी लावून लावून, आपटून आपटून इतकी सैल आणि लवचीक केलेली असते की ती हातावर धरल्यावर स्वतःच्या वजनाने ओघळू लागते. त्यात हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरतात, पोळपाटावर थोडेसे लाटतात आणि मग लाटणे बाजूला ठेवले जाते. पुढचे सगळे काम हातांचे.

त्या मावशींनी तो उंडा दोन्ही तळहातांवर घेतला आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो तळहातांबाहेर गेला, मग मनगटांवर उतरला, मग कोपरापर्यंत आला. त्या स्वतः अर्धे वळण घेऊन खापराकडे वाकल्या आणि तो पातळ झालेला मांडा दोन्ही हातांवरून अलगद खापराच्या पाठीवर उतरला, कुठेही सुरकुती नाही, कुठेही फाटलेला नाही. त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनी आधीच कोपरापर्यंत मागे सारून चिंधीने बांधून ठेवल्या होत्या. खापराच्या उतारावर मांड्याला जाळी पडू लागली, कडा सुटल्या, आणि त्यांनी तो उलटून, चौघडी घालून परातीत ठेवला.

आत्याने विचारले, “खापर कोठलं गं?”

“आमच्याच गावच्या कुंभाराचं, मावशी. सासूबाईंच्या वेळचं आहे. नवं खापर एकदम चढवलं तर तडकतं, त्याला आधी सवय लावावी लागते.”

खापर सासूच्या वेळचे आहे हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला त्या बाजारातल्या कोणत्याही किमती वस्तूपेक्षा मोलाचा वाटला. पलीकडच्या बाजूला एखादे जुने खापर ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ अशी चिठ्ठी लावून मांडलेले असते तर लोकांनी त्याचे फोटो काढले असते. इथे ते धुरात काळे होत काम करत होते आणि त्यावरचा मांडा आम्ही तूप आणि दुधासोबत खात होतो. आत्याने एक संपवला आणि दुसरा घरी बांधून घेतला.

कल्हईला अजून वेळ होता म्हणून आम्ही टपाल तिकिटांच्या टेबलापाशी गेलो. हे एक टेबल मी कधी चुकवत नाही, आणि नाशिकच्या माणसाने चुकवूही नये. आपल्या नाशिकरोडचा तिकिटे छापणारा प्रेस १९२५ साली सुरू झाला. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून जहाजाने येत असत. त्यामुळे १९२६ नंतरची जी तिकिटे अशा टेबलांवर दिसतात, त्यांतली बहुतेक सगळी आपल्याच गावात छापलेली असतात. पंचम जॉर्जचे तिकीट असले तरी ते नाशिकचे असू शकते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मालिकेतले साडेतीन आण्यांचे तिरंग्याचे तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर ‘जय हिंद’ ही अक्षरे आहेत आणि १५ ऑगस्टची तारीख आहे, आणि तेही इथलेच. पुढच्याच वर्षी गांधीजींची जी तिकिटे निघाली ती मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली, कारण त्यांना लागणारे फोटोग्रॅव्ह्युअरचे तंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हते. १९५२ साली संतकवींची मालिका निघाली, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशा सहा जणांची, तेव्हा ते तंत्र नाशिकमध्ये येऊन पोचले होते. मीरेचे तिकीट त्या टेबलावर होते. मी ते भिंगातून पाहिले तेव्हा तिच्या हातातल्या वाद्याच्या तारांपर्यंत सगळे सुबक दिसत होते.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, याच प्रेसमध्ये नोकरीला होते. आत्या म्हणाली, “तेहेतीस वर्षं त्यांनी तिकिटांत घालवली, पण घरी कधी तिकिटाचा कपटासुद्धा आणला नाही. पाळी सुटली की झडती असायची. मला पत्र टाकायचं असलं की पोस्टात जाऊन विकत आणायचे, आणि पाकिटावर लावायच्या आधी एकदा उजेडात धरून बघायचे, छपाई सरळ आली आहे का म्हणून.” तिने टेबलावरचे एक साधेसे, शिक्का पडलेले तिकीट निवडले, वीस रुपयांचे. ते मामांच्या नोकरीच्या काळातले होते. त्याची बाजारात फारशी किंमत नाही हे विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले. तिने ते पाकिटात, तिच्या बसच्या पासामागे ठेवले.

नाण्यांच्या टेबलावर गर्दी होती. मधे भोक असलेला तांबूस पैसा, १९४३ ते १९४७ या काळातला, आता सहज मिळतो आणि लहान मुलांना तो फार आवडतो. १९५७ साली दशमान पद्धत आल्यावरचे ‘नये पैसे’ही ढिगाने होते. ज्यांना नाण्यांची खरी आवड आहे त्यांनी एकदा अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन यावे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच ती आहे, आणि तिथले पाहून आल्यावर अशा टेबलावर काय घ्यावे आणि काय सोडावे हे आपोआप कळू लागते.

कारण सोडायचेही इथे पुष्कळ असते, हे सांगितले नाही तर मी वाचकांची फसवणूक केल्यासारखे होईल. नव्या पितळेवर रसायन मारून त्याला काळपट रंग आणतात आणि ते जुने म्हणून विकतात. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेल्या समया असतात. आत्याच्या पदराच्या गाठीला त्या दिवशी फ्रिजवरचा एक लोहचुंबक बांधलेला होता. तो ज्या समईला चिकटला ती तिने मुकाट्याने खाली ठेवली. नकली जुनेपणा ओळखण्याची एक साधी खूण मला काकांनी सांगितली. खरे वापरलेले भांडे सगळीकडून सारखे झिजत नाही. काठाची जिथे सांडशी लागते ती बाजू पातळ होते, तांब्याच्या गळ्यावर अंगठ्याच्या जागी चकाकी येते, बुडाचा मधला भाग सपाट होतो. सगळीकडून सारखेच काळे आणि सारखेच खडबडीत असलेले भांडे कोणाच्या घरात राहिलेले नसते.

एका टेबलावर मला लोखंडी पत्र्याचे मापटे मिळाले. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक आत्याने तिथल्या तिथे एका दमात म्हणून दाखवले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजातल्या मुलाने ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन फोनमध्ये टिपले. दशमान वजने-मापे सक्तीची झाली ती १९६२ साली, म्हणजे आत्या शाळेत होती तेव्हा. मापटे मी साठ रुपयांना घेतले. आमच्या बाजरीच्या डब्यात ते बरोबर बसते.

कल्हईवाल्यांकडे परतलो तेव्हा आमचेच पातेले घासून झाले होते. त्यांनी भट्टीचा पंखा फिरवला, कोळसे फुलले, आणि सांडशीत धरलेले पातेले त्यांवर गोल गोल फिरू लागले. कथलाची कांडी त्यांनी आधी माझ्या कानाजवळ धरली आणि किंचित वाकवली. आतून बारीक कुरकुर ऐकू आली. “हे चोख कथील. शिसं मिसळलेलं असलं तर असं बोलत नाही,” ते म्हणाले. कल्हई करून घेणाऱ्याने ही परीक्षा आवर्जून करावी, कारण शिसे पोटात जाणे घातक असते.

पातेले पुरेसे तापले तेव्हा त्यांनी कापसाच्या बोळ्यावर नवसागराची पूड घेऊन आत फिरवली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, नाकाला झोंबणारा, आणि आत्या मागे सरण्याऐवजी पुढे झाली. नवसागर पितळेवरचा गंज काढून टाकतो, आणि पृष्ठभाग स्वच्छ झाल्याशिवाय कथील त्याला धरत नाही. मग कांडीचे टोक तळाशी नुसते टेकवले. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे पितळेला काही होण्याच्या कितीतरी आधी. एक थेंब पडला, आणि बोळ्याच्या एका फटकाऱ्यासरशी तो तळभर पसरला. पिवळ्या तळावर चंदेरी रंग असा धावत गेला की काठावर उभ्या असलेल्या चार-पाच मुलांनी एकदम ‘आई गं’ म्हटले. दोन फटकारे, तीन फटकारे, काठापर्यंत. मग पातेले बादलीतल्या पाण्यात गेले आणि चर्र आवाज झाला. हे सगळे मिळून चार मिनिटांचे काम असेल. त्यांनी दीडशे रुपये घेतले. त्यांची मुले या धंद्यात नाहीत असे त्यांनी मी न विचारताच सांगितले, आणि पुढचे भांडे सांडशीत धरले.

या माणसांना मी बाजाराचा कणा मानते. जुन्या वस्तू जपायच्या म्हणून सगळेच बोलतात, घरोघरी दिवाणखान्यात बंबात कुंड्या आणि घंगाळात फुले तरंगताना दिसतात, आणि त्यात वाईट काही नाही. वितळून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण कल्हईशिवाय पितळेचे भांडे स्वयंपाकघरात परत येऊच शकत नाही. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला की तो कळकतो, हिरवट होतो, तोंडात घेववत नाही. बाजाराच्या आयोजकांनी त्यांना कुंपणाच्या कोपऱ्यातून उठवून भांड्यांच्या चादरींच्या मधोमध जागा द्यावी, म्हणजे भांडे विकत घेणाऱ्याला ते वापरण्याची वाट तिथेच दिसेल. येत्या शनिवारी मी हे त्यांना सांगणार आहे.

घरी आल्यावर आत्याने स्वतः कढी केली. ताक चांगले आंबट होते, आले-मिरची वाटून घातली, कढीलिंबाची फोडणी वरून दिली. कल्हई फक्त आतून होते, त्यामुळे बाहेरची टिंबांची अक्षरे गॅसच्या उजेडात तशीच दिसत होती आणि पातेले ओट्यावर ठेवताना तिने नाव भिंतीकडे न करता आपल्याकडे केले. दुपारी जेवणे झाल्यावर थोडी कढी उरली. मी ती नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात काढायला घेतली तर तिने माझा हात धरला.

“राहू दे त्यातच. बघू तरी कल्हई कशी बसली आहे.”

संध्याकाळी सातला तिने झाकण काढले, पळीने थोडी कढी तळहातावर घेतली आणि चाखली. मग मलाही दिली. कढी कळकली नव्हती.